आला, आलं, आले

आमच्या वर्कशॉपच्या गेटवर एक काळा फळा आहे. त्यावर खडूने नंबर लिहायचा आणि नंबराच्या पुढे एकच शब्द. कवचात बसून माणूस जिवंत परत आला तर 'आला'. कवच रिकामंच चालत आलं तर 'आलं'. आणि आत माणूस आहे पण जिवंत नाही, तर 'आले'.

हा नियम कुठल्या कागदावर नाही. पहिल्यांदा एक मेलेला जवान कवचासकट चालत गेटमधून आत आला, तेव्हा आमच्या फोरमनच्या हातात खडू होता. त्यांना 'आला' लिहवेना, आणि 'मेला' लिहायला हात उचलेना. शेवटी वीस वर्षांच्या त्या पोराला त्यांनी अहोजाहो केलं आणि 'आले' लिहिलं. तेव्हापासून तेच चालू आहे. आता घरी कुणी 'पाहुणे आले' म्हटलं तरी मी दचकून दाराकडे बघते.

कवच म्हणजे काय, तर अंगावर चढवायचं मोटरवालं लोखंड. गुडघ्यात मोटर, कमरेत मोटर, पाठीवर बॅटरी. ते घातलं की साठ किलोचं ओझं घेऊन माणूस पळतो. गोळी लागली तर ठणकन आवाज येतो आणि फार तर तोंडातून एक शिवी निघते. ज्यांनी ते बनवलं त्यांनी गोळीचा भरपूर विचार केला होता. ड्रोनचा विचार करायला बहुतेक त्यांना सवड झाली नाही. ड्रोन असतो भाजीच्या टोपलीएवढा, पण तो छातीवर कधी येतच नाही. मानेची फट, गुडघ्याची मागची बाजू, बॅटरीचं झाकण, नेमका तिथे येऊन फुटतो. मी सांध्यांची मेकॅनिक. लढाई लागल्यापासून बावीस महिने मी तीच भोकं बुजवते आहे, त्यामुळे ड्रोनची अक्कल मी जवळून पाहिली आहे.

कवचात आणखी एक सोय आहे. आतल्या माणसाची नाडी दहा मिनिटं लागली नाही की कवच आपलं आपण मागे वळतं आणि गेलेल्या वाटेनेच चालत परत येतं. आम्ही त्याला 'माघारी' म्हणतो. ही सोय माणसाच्या मायेपोटी केलेली नाही, हे आधीच सांगून टाकते. कवच शत्रूच्या हाती लागू नये म्हणून केली आहे. आत माणूस असतो, तो आपला त्याच्याबरोबर येतो.

वर्कशॉपच्या समोर मोठं मोकळं मैदान आहे. भर दुपारी तिकडून एखादं कवच येताना दिसतं. एकसारखी पावलं, मान खाली. आणि डोक्यावर दोन हातांवर शत्रूचा एक ड्रोन, सोबतीला आल्यासारखा. कवचाने गेट ओलांडलं की तो जरा थांबतो, मग वळतो आणि निघून जातो. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा माझ्या हातातला पाना खाली पडला होता. हल्ली पडत नाही. पण सवय झाली असं मी म्हणणार नाही.

मध्यंतरी वरून एक साहेब पाहणीला आले. हातात फाइल, बुटांवर धुळीचा कण नाही. माझ्या टेबलापाशी उभे राहून म्हणाले, "बाई, सरळ सांगा. आता सगळं ड्रोनवर आलंय. पायदळाला या कवचाचा उपयोग आहे का?"

"ओझं वाहायला आहे. जखमी ओढून आणायला आहे," मी म्हटलं. "आणि मेल्यावर तर फारच आहे."

साहेब हसले नाहीत. "म्हणजे?"

"माघारी येणाऱ्या एकाही कवचाला वाटेत नवं भोक पडलेलं मी पाहिलेलं नाही. जिवंत माणूस असला की वर घरघर झाली रे झाली, मान वर जाते. तो दचकतो, वाकतो, आडवातिडवा पळतो. मेलेला वर बघत नाही. शत्रूलाही ते कळतं. मेलेल्यावर ड्रोन कोण फुकट घालवेल?"

साहेबांनी ते लिहून घेतलं आणि गेले. मी मात्र डबा न उघडताच बाजूला ठेवला. स्वतःच्या तोंडून निघालेलं वाक्य माझंच मला पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं.

फोरमन पलीकडे बसले होते. अकरा वर्षं आम्ही एकत्र काम करतो, त्यांना माझ्या कपाळावरच्या आठ्या वाचता येतात. म्हणाले, "बाई, ते मनातसुद्धा आणू नका."

"मी कुठे काय बोलले?"

"बोलला नाहीत म्हणूनच सांगतोय. माघारी येणाऱ्या कवचात जिवंत माणूस असतो हे शत्रूला एकदा जरी कळलं, तर ते सगळीच फोडतील. मग कुणाच्या आईला पोराचं तोंडही बघायला मिळणार नाही."

त्यांचं बरोबर होतं. मला ते पटलंही. पण माझा भाचा एक्केचाळीस नंबरच्या कवचात होता.

आम्ही दोघी बहिणी एकाच घरात राहतो. ताईला एक मुलगा, मला कुणी नाही, म्हणजे तो दोघींचा. लहानपणी एवढासा होता म्हणून त्याला टिल्ल्या म्हणायचो. पुढे तो सहा फूट झाला, नाव तेच राहिलं. त्याच्या कवचाच्या मांड्या मला दोन इंच वाढवाव्या लागल्या. शाळेत असताना ताई त्याला दोन डबे द्यायची, कारण एक डबा तो वर्गात वाटून टाकायचा. मग कळलं की दुसराही वाटतो आणि घरी उपाशी येतो. ताई चिडली की म्हणायचा, "बरं, उद्यापासून नाही." उद्या पुन्हा तेच.

त्याचं कवच दुरुस्तीला आलं तेव्हा तोही चार दिवस आला होता. माझ्या शेजारी स्टूल ओढून बसायचा आणि माझे हात बघायचा. चौथ्या दिवशी मी डाव्या अंगठ्याखाली एक छोटी कळ बसवली. फोरमन जेवायला गेले होते.

"ही दाबलीस की कवचाला वाटेल तुझी नाडी थांबली," मी म्हटलं. "ते तुला घेऊन माघारी निघेल. तू अंग सोडून द्यायचं. मान खाली. ड्रोन कानाशी आला तरी वर बघायचं नाही. शिंक आली तर गिळायची."

"आणि गेटवर?"

"गेटवरही नाही. तिथे हललास तर पळपुटा म्हणून धरतील. कवच सरळ मेलेल्यांच्या थंड खोलीत जाऊन उभं राहील. तिथे सांध्यांना आपोआप कुलूप लागतं, मग तुला हलायचं म्हटलं तरी हलता येणार नाही. ओरडलास तरी त्या टोपातून आवाज बाहेर येत नाही. थंडी मरणाची असते, तास-दोन तास काढशील. पण मी पाच मिनिटांत येईन. पाठीवर तीनदा थाप मारीन, म्हणजे समज मावशी आली. तोपर्यंत मेलेलं राहायचं."

"मेलेलं राहायचं," तो हसून म्हणाला. "हे काम जमेल मला."

"आणि हे कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही."

"बरं."

त्याचं हे 'बरं' मी पंचवीस वर्षं ऐकत आले होते. तरीही मी विश्वास ठेवला. गरज माझी होती.

ताईला मी सांगून टाकलं. तिची झोप उडाली होती, म्हटलं निदान एवढा आधार तरी मिळेल. "फळ्यावर एक्केचाळीसच्या पुढे 'आले' दिसलं तर रडू नकोस," मी तिला समजावलं. झालं उलटंच. दोन महिन्यांनी टिल्ल्याचं ठाणं वेढलं गेलं, वर सतत ड्रोन, आत पाणी संपत आलेलं. मी घरी पोचले की दारातच ताई विचारायची, "आले का गं?" पोटच्या पोराबद्दल तो शब्द ती इतक्या आशेने विचारायची की चपला काढायच्या आधीच मी 'नाही' म्हणून टाकायचे. कुठल्या आईने ही वाट पाहिली असेल?

वेढ्याच्या दहाव्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, गेटवाल्याची हाक आली. "सदतीस आले!"

सदतीस टिल्ल्याच्याच ठाण्यातलं. थंड खोलीत येणाऱ्यांना चिठ्ठी बांधायचं काम माझ्याकडे असतं, म्हणून मी गेले. तिथे भिंतीला लागून खुणा केल्या आहेत, त्यावर कवचं ओळीने उभी राहतात. पाचला डॉक्टर येतात तेव्हा ती उघडतात, त्याआधी नाही. सदतीस आपल्या खुणेवर उभं राहिलं, सांधे खटाखट बंद झाले. मी फिरून पाहिलं. नवं भोक कुठे दिसलं नाही. त्यात नवल नव्हतं, जवळ स्फोट झाला की कवच शाबूत राहतं आणि माणूस आतल्या आत जातो. असे मी ढीगभर पाहिलेत.

आलेल्यांशी बोलायची मला सवय आहे. बाकीचे हसतात, हसोत. कुणीतरी बोलायला नको का? मी चिठ्ठी बांधली, त्याच्या छातीवरचा चिखल फडक्याने पुसला आणि नेहमीसारखं म्हटलं, "दमलास ना बाबा? थांब हं थोडं. तुझी पाळी आली की उघडतील. तोवर गुपचूप उभा राहा."

अकराला अडतीस आले. पुन्हा नवं भोक नाही. मी चिठ्ठी बांधली. टिल्ल्याची सगळी टोळीच संपत चालली असं मला वाटत होतं. त्यालाही मी तेच म्हटलं, थांब थोडं, पाळी येईल. मागे सदतीसमधून टक टक असा आवाज आला. थंडीने लोखंड आकसतं, त्या खोलीत असा आवाज चालूच असतो. नवीन माणूस घाबरतो, आम्ही नाही.

साडेबाराला चाळीस आले. मी दाराशी वळले तेव्हा पुन्हा आवाज झाला. टक, टक, टक. मी दार लावून घेतलं.

मग दोन तास काहीच नाही. मी एकाच गुडघ्याचे नट सहा वेळा काढले आणि बसवले. फोरमन एकदा चहा ठेवून गेले, तो तसाच गार झाला. पावणेतीनला गेटवाला ओरडला, "एक्केचाळीस आले!"

सगळे माझ्याकडे वळले. कुणाचा भाचा कुठल्या नंबरात आहे हे वर्कशॉपमध्ये सगळ्यांना ठाऊक असतं. एकाने टोपी काढली. आणि मी पाना टाकून पळत सुटले, तीही हसत. त्यांना वाटलं असेल, बाईचं डोकं फिरलं. फोरमनना मात्र तसं वाटलं नाही. ते माझ्या मागून येऊ लागले.

थंड खोलीत एक्केचाळीस चौथ्या खुणेवर उभं होतं. मी पाठीवर थाप मारली. एक, दोन, तीन. मागचा खटका ओढला, टोप वर केला. टिल्ल्या आत होता. ओठ निळे, पापण्यांवर धूळ, मान खाली.

"टिल्ल्या, मी आहे. झालं आता. वर बघ."

तो वर बघेना. श्वास चालू होता, मला दिसत होता, पण मान काही वर येईना. शेवटी मी त्याच्या हनुवटीखाली हात घातला आणि एखाद्या तान्ह्या बाळासारखा त्याचा चेहरा वर उचलला. तेव्हा कुठे त्याचे डोळे हलले. माझा जीव भांड्यात पडला. मी त्याच्या गालावर चापट्या मारत होते, रडत होते, शिव्या घालत होते, काय काय बोलले ते आठवत नाही.

"मावशी," तो म्हणाला. आवाज अगदी फाटलेला. "बाकीचे कुठे बसलेत?"

"कोण बाकीचे?"

"तिघं. मी आधी त्यांना पाठवलं, एकेकाला तास-दोन तासांच्या अंतराने. सगळे एकदम निघालो असतो तर शत्रूला संशय आला असता." त्याला धाप लागली. "कळा मीच बसवल्या त्यांच्या. तुझे हात बघून शिकलो होतो ना. सांगून ठेवलंय त्यांना, मावशी बोलेल, पण हलायचं नाही. तीनदा थाप मारली की मगच."

तो समोर बघत होता. ती तिन्ही कवचं त्याच्या डाव्या हाताला, अगदी खांद्याला खांदा लावून उभी होती. त्याला ती दिसत नव्हती. मला दिसत होती. मीच बांधलेल्या चिठ्ठ्या त्यांच्या गळ्यात होत्या.

फोरमन दारातून धावत आत आले आणि त्यांनी चाळीसच्या पाठीवर थाप मारली. तीनदा. आतून अगदी बारीक आवाज आला. टक. त्यांनी टोप उघडला आणि तो पोरगा त्यांच्या अंगावर कोसळला. जिवंत होता.

अडतीस मी उघडलं. सदतीसही मीच उघडलं. थापा दोघांनाही मारल्या. तीनदा मारल्या, मग कितीदा मारल्या ते मोजलं नाही.

डॉक्टर लवकर आले, पण त्या दोघांसाठी करण्यासारखं काही उरलं नव्हतं. थंडीने गेले, म्हणाले. दोघांच्या उजव्या हाताची मूठ वळलेली होती आणि मधल्या बोटाच्या पेरावरची कातडी सोलून निघाली होती. आतल्या पत्र्यावर ठोकून ठोकून. मी तो आवाज ऐकला होता. लोखंड आकसतंय म्हटलं होतं. बावीस महिन्यांचा अनुभव होता ना मला.

चाळीस नंबरच्या पोराला ब्लँकेटात गुंडाळून बाहेर अंगणात उन्हाला बसवलं. त्याने माझा हात धरला. "तुम्ही म्हणालात पाळी येईल," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. "मी टकटक केली आणि तुम्ही दार लावलंत. म्हटलं, आधी त्यांना काढत असतील. म्हणून थांबलो."

दुसऱ्या हाताने मी ब्लँकेट त्याच्या गळ्यापर्यंत ओढलं.

टिल्ल्या त्याच्या शेजारी बसला होता. दोघंही खाली बघत होते. तेवढ्यात मला घरघर ऐकू आली. एक्केचाळीसच्या सोबतीला आलेला ड्रोन एव्हाना परत जायला हवा होता. तो गेला नव्हता. गेटच्या वर, दोन हातांवर, जागच्या जागी थांबला होता आणि त्याचा डोळा अंगणाकडे होता. मी वर बघितलं. वर बघू नये हे मीच शिकवलं होतं. आम्ही एकमेकांकडे थोडा वेळ पाहत राहिलो. मग तो वळला, आणि एरवी सावकाश जातो तसा न जाता वेगाने निघून गेला.

"पाहिलं त्याने," फोरमन म्हणाले. एवढंच. मी म्हटलं होतं ना, असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

ते फळ्यापाशी गेले. चार ओळी होत्या. सदतीस आले. अडतीस आले. चाळीस आले. एक्केचाळीस आले. त्यांनी ओल्या बोटाने शेवटच्या ओळीतली मात्रा पुसली आणि तिथे खडूने काना ओढला. 'आले'चं 'आला' झालं. चाळीसच्या ओळीतही तसंच केलं. मग खडू वरच्या दोन ओळींपाशी नेला आणि तसाच खाली ठेवला.

गेट बंद व्हायच्या वेळी ताई धापा टाकत आली. तिने आधी शेवटची ओळ शोधली. तो काना पाहिला, बोट लावून पाहिला, आणि माझ्या गळ्यात पडून मोठमोठ्याने रडायला लागली. "तुझ्यामुळे आला गं," ती म्हणत होती, "तुझ्यामुळे."

मी तिला धरून उभी होते. तिच्या खांद्यावरून मला वरच्या दोन ओळी दिसत होत्या.